माझी पत वापरून विकलेले नाणे

सांगली जिल्ह्यातील एका सहकारी पतसंस्थेत मी 31 वर्षे नोकरी केली आणि त्यांपैकी शेवटची 9 वर्षे शाखाधिकारी होतो. सातबाऱ्यावरचा बोजा, जामीनदाराची ऐपत, सोन्याच्या तारणातली घट हे सारे पाहूनच कर्जप्रकरणावर सही करायची, ही सवय हाडीमाशी खिळलेला माणूस एका नव्या आभासी चलनात 6 लाख 40 हजार रुपये घालवून बसला, हे लिहिताना संकोच वाटतो. तरीही लिहितो आहे, कारण ते चलन विकणाऱ्या मंडळींना माझ्या पैशांपेक्षा माझे नाव अधिक हवे होते आणि मी दोन्ही दिले.

2022 च्या फेब्रुवारीत आमच्या संस्थेचा एक जुना पिग्मी एजंट त्या चलनाची, म्हणजे कॉइनची, शिफारस करायला घरी आला. 20 वर्षे त्याने दारोदार फिरून गोळा केलेल्या पैशांत कधी रुपयाची तफावत आली नव्हती, म्हणून मी त्याला बसवून घेतले. नुकताच केंद्रीय अर्थसंकल्प मांडला गेला होता आणि आभासी मालमत्तेच्या नफ्यावर 30 टक्के कर व व्यवहारावर 1 टक्का करकपात (टीडीएस) जाहीर झाली होती. "साहेब, सरकार कर घेणार म्हणजे मान्यता मिळालीच की," असे तो म्हणाला. त्याच महिन्यात अर्थमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितले होते की नफ्यावर कर लावणे हा सरकारचा अधिकार आहे आणि बंदी घालायची की नाही हा प्रश्न वेगळा आहे. बेकायदा धंद्याच्या उत्पन्नावरही प्राप्तिकर लागतो, हे तर मला नोकरीमुळे ठाऊक होते. पण त्याने लगोलग दुसरा मुद्दा काढला: रिझर्व्ह बँकेचे एप्रिल 2018 चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी रद्द केले आहे. तेही खरेच होते. ते परिपत्रक बँकांनी अशा व्यवसायांना सेवा देऊ नये याविषयीचे होते आणि त्या निकालाने कोणत्याही एका कॉइनला चांगला म्हटलेले नव्हते, हा भाग त्याने सांगितला नाही आणि मी विचारला नाही.

पुढच्या आठवड्यात तो कॉइन काढणाऱ्या कंपनीचे दोन तरुण संचालक कागदपत्रांची फाइल घेऊन आले, आणि इथे मी थोडे सविस्तर लिहितो, कारण फसवणूक खऱ्या अर्थाने त्या फाइलमध्ये होती. फाइलमधला एकही कागद बनावट नव्हता. कंपनी निबंधकाकडील नोंदणीचे प्रमाणपत्र खरे होते. पण त्याने एवढेच सिद्ध होत होते की त्या नावाची कंपनी अस्तित्वात आहे, आणि तिचे भरणा झालेले भागभांडवल केवळ 1 लाख रुपये होते. जीएसटी क्रमांक खरा होता. व्यवसायाच्या रकान्यात 'माहिती तंत्रज्ञान सेवा' असे होते, लोकांकडून पैसे स्वीकारण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. लंडनमधील नोंदणीचे प्रमाणपत्र तर चकचकीत चौकटीत बसवून आणले होते. तेव्हा ब्रिटनमध्ये ऑनलाइन कंपनी नोंदवायला 12 पौंड लागत आणि अर्जातली माहिती खरी आहे की नाही हे पडताळण्याचे अधिकार तिथल्या निबंधकाकडे जवळपास नव्हते. ते अधिकार त्याला 2024 मध्ये मिळाले. मला हे नंतर कळले. तेव्हा 'लंडन' हा शब्द वाचून मी पुढचे पान उलटले.

सर्वांत जास्त लाज मला वाटते ती लेखापरीक्षणाच्या अहवालाची. त्यांच्या कॉइनच्या संगणकीय करारनाम्याचे, म्हणजे स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचे, एका परदेशी संस्थेने परीक्षण केले होते आणि पहिल्या पानावर हिरव्या रंगात 'उत्तीर्ण' अशा अर्थाचा शिक्का होता. आमच्या संस्थेचे लेखापरीक्षण व्हायचे तेव्हा 'अ' वर्ग मिळाला म्हणून मी कधी अहवाल मिटून ठेवला नाही. दोषदुरुस्ती अहवालाचा एकेक मुद्दा संचालक मंडळापुढे वाचून घेतला आहे. या 14 पानी अहवालाचे मात्र मी पहिलेच पान पाहिले. नवव्या पानावर सरळ इंग्रजीत लिहिलेले होते की करारनाम्याचा मालक हवी तेवढी नवी नाणी तयार करू शकतो आणि कोणत्याही खात्यातील नाण्यांची विक्री थांबवू शकतो. परीक्षकाने आपले काम चोख केले होते. बिटकॉइनची एकूण संख्या 2 कोटी 10 लाखांच्या पुढे जाऊ शकत नाही, हे मला तोंडपाठ करवून घेणाऱ्या त्या दोघांच्या स्वतःच्या नाण्याला मात्र कसलीही मर्यादा नव्हती.

मी सुरुवातीला 50 हजार रुपये भरले. 'स्टेकिंग' या नावाखाली कॉइन ठरावीक मुदतीसाठी बांधून ठेवायचे आणि दरमहा 6 टक्के परतावा घ्यायचा, अशी योजना होती. नाव नवे असले तरी ती ठेवच होती, आणि दरमहा 6 टक्के देणारी ठेव समोर आली तर शाखाधिकाऱ्याने काय करायला हवे हे मी नव्या कारकुनांना शिकवत आलो होतो. तिसऱ्या महिन्यात मी परीक्षा म्हणून 18 हजार रुपये काढायला सांगितले आणि ते 40 मिनिटांत बँकेत जमा झाले. ती परीक्षा माझीच झाली. ज्या संस्थेकडे उद्या लाखो यायचे आहेत तिला आज 18 हजार देणे म्हणजे पेरणीचे बियाणे, एवढा हिशेब मला त्या वेळी सुचला नाही. एक गोष्ट मात्र खुपली होती आणि तिच्याकडे मी जाणूनबुजून डोळेझाक केली: ते 18 हजार कंपनीच्या खात्यातून आले नव्हते, कुठल्याशा 'ट्रेडर्स'च्या खात्यातून आले होते, आणि मी भरलेली रक्कमही दर वेळी अशाच वेगवेगळ्या नावांच्या खात्यांत जात होती. आमच्या काउंटरवर असा भरणा दिसला असता तर मी पावती रोखली असती.

2022 च्या गुढीपाडव्याला त्यांनी एका मंगल कार्यालयात कॉइनचे उद्घाटन केले. त्याआधी रक्तदान शिबिर झाले होते, एका लोकप्रतिनिधीचा त्या शिबिरातला फोटो फलकावर होता, आणि एका दैनिकात आलेला पानभर मजकूर मोठा करून लावला होता, ज्याच्या तळाशी बारीक अक्षरांत 'जाहिरात' असे छापलेले होते. मंचावर एक निवृत्त मुख्याध्यापक, एक डॉक्टर आणि तिसरा मी, असे आम्ही बसलो. मला चार शब्द बोलायला सांगितले आणि मी बोललो. 'मी कागदपत्रे पाहिली आहेत', हे माझे वाक्य त्यांनी पुढे प्रत्येक सभेत वापरले. मुख्याध्यापकांना मी नंतर विचारले तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही बँकेतले माणूस, तुम्ही आहात म्हणून मी आलो." मी स्वतः डॉक्टरांकडे पाहून आलो होतो. डॉक्टर कोणाकडे पाहून आले होते हे विचारायचे मला धैर्य झाले नाही.

जुलैच्या सुरुवातीला वर्तमानपत्रात बातमी आली की रुजा इग्नातोवा या बाईचे नाव अमेरिकेच्या एफबीआयने दहा सर्वांत हव्या असलेल्या फरारींच्या यादीत घातले. तिने 2014 मध्ये बल्गेरियातून वनकॉइन सुरू केले होते. त्याला प्रत्यक्षात ब्लॉकचेनच, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींची अनेक संगणकांवर जपलेली साखळीच, नव्हती, आकडे कंपनीच्याच संगणकावर वाढवले जात. 2017 मध्ये नवी मुंबई पोलिसांनी त्याच वनकॉइनची सभा घेणाऱ्यांना पकडले होते. मी ती बातमी चहा पिताना पत्नीला वाचून दाखवली आणि लोक किती भोळे असतात असे म्हणालो. पुण्यात 2018 मध्ये गाजलेले गेनबिटकॉइनचे प्रकरणही मला माहीत होते, ज्यात दरमहा 10 टक्के दराने 18 महिने बिटकॉइन देण्याचे आश्वासन होते आणि पुढे लोकांच्या हाती एमकॅप नावाचे घरचेच नाणे ठेवण्यात आले होते. आमच्या कंपनीने या उदाहरणांची भीती आधीच काढून टाकली होती. "काका, त्यांच्याकडे ब्लॉकचेन नव्हती, आमची आहे. तुमच्या मोबाइलवर बघा," असे म्हणून त्यांनी मला एका सार्वजनिक संकेतस्थळावर कॉइनचे व्यवहार दाखवले. व्यवहार खरोखर दिसत होते.

ते काय होते हे मला वर्षभराने माझ्या भाचीने समजावले, जी पुण्यात संगणक अभियंता आहे. आधीच चालू असलेल्या एखाद्या ब्लॉकचेनवर नवे टोकन, म्हणजे असे नाणे, काढायला थोडे शुल्क आणि काही मिनिटे पुरतात. त्यासाठी स्वतःची साखळी उभारावी लागत नाही. तिने त्याच संकेतस्थळावर धारकांची यादी उघडली, जी मला कधी कोणी उघडून दाखवली नव्हती. एकूण नाण्यांपैकी 93 टक्के नाणी चार खात्यांत होती. व्यवहार दिसत होते ते मुख्यतः त्याच चार खात्यांचे एकमेकांशी होते. माझे कॉइन तर त्या साखळीवर कधी आलेच नव्हते. ते फक्त कंपनीच्या अॅपमध्ये लिहिलेला एक आकडा होते, आणि 8 रुपयांवरून 41 रुपयांपर्यंत चढलेला भाव कंपनीच्याच अॅपमध्ये कंपनीच लिहीत होती. म्हणजे पासबुक त्यांचे, खतावणी त्यांची आणि व्याजदरही त्यांचाच, असा तो कारभार होता.

ऑक्टोबरमध्ये रक्कम काढणे बंद झाले. आधी सर्व्हर सुधारणेचे कारण दिले गेले, मग डिसेंबरमध्ये सर्व कॉइन नव्या साखळीवर हलवून 24 महिने बांधून ठेवले जातील असे कळवले. जानेवारी 2023 मध्ये मला फोन आला की ज्येष्ठ नागरिक म्हणून तुम्हाला सवलत आहे, 30 टक्के कर आधी भरला तर संपूर्ण रक्कम मोकळी होईल. मी 84 हजार रुपये भरले. एवढा एक मुद्दा वाचणाऱ्याने कृपया नीट ध्यानात घ्यावा: हा 30 टक्के कर करदाता स्वतः आयकर विभागाकडे भरतो, कोणत्याही कंपनीला आपले पैसे सोडवण्यासाठी तो आगाऊ द्यावा लागत नाही, आणि 1 जुलै 2022 पासून लागू झालेली 1 टक्क्याची करकपात द्यायच्या रकमेतूनच होते. मार्चमध्ये कार्यालयाला कुलूप लागले. त्याच महिन्याच्या 7 तारखेला केंद्राने आभासी मालमत्तेचे व्यवहार करणाऱ्यांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आणले आणि त्यांना वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागेल असे झाले. आमच्या मंडळींचा मुक्काम तोवर हलला होता. आज कोणी विचारले तर मी ती नोंदणी आधी पाहायला सांगतो, मात्र ती पैशांची हमी नव्हे हेही सांगतो.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या क्रमांकावर मी मे महिन्यात फोन केला. पैसे गेल्यापासून काही तासांत फोन केला तर ते पुढच्या खात्यात गोठवण्याची शक्यता असते. माझा शेवटचा भरणा चार महिन्यांपूर्वीचा होता आणि त्या 'ट्रेडर्स' खात्यांत काही उरलेले नव्हते. ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा 1999 चा राज्याचा कायदा लागू व्हावा म्हणून आम्ही काहींनी मिळून आर्थिक गुन्हे शाखेकडे अर्ज दिला. अर्ज दिल्यावर पंधरवड्यात एका माणसाने, गेलेले पैसे शोधून देतो, फक्त 15 हजार आगाऊ द्या, असा फोन केला. त्याच्याकडे माझी नेमकी रक्कम होती, तेव्हा यादी कोठून विकली गेली हे उघड होते. या वेळी मी फोन ठेवला.

जबाब नोंदवताना अधिकाऱ्याने माझ्यासमोर एक तक्ता ठेवला. अॅपच्या नोंदींनुसार माझ्या खात्याखाली 11 जण होते आणि त्यांच्या भरण्यावर माझ्या नावे कॉइन जमा झाले होते. मी कोणालाही भरती केले नव्हते. त्यांनी ओळख म्हणून माझे नाव लिहिले आणि एजंटने मला विचारल्यावाचून तसे जोडून टाकले. पण ते कॉइन अॅपमध्ये दिसत होते तेव्हा मी हरकत घेतली नव्हती, हेही मी जबाबात लिहून दिले. त्या 11 जणांत आमच्या शाखेचा निवृत्त शिपाई आहे. त्याने फंडातले दीड लाख भरले होते. तो मला अजूनही साहेब म्हणतो आणि रस्त्यात भेटला की पैशांचा विषय काढत नाही. अर्जाला त्याने जोडलेले पुरावे मी पाहिले: दोन पावत्या, बँकेचा उतारा आणि गुढीपाडव्याचा एक फोटो, ज्यात समईची वात लावणारा हात माझा आहे.