एचआरएमएन-९९ सफरचंद: लातूरकडच्या रानात दोन उन्हाळ्यांनंतर

जानेवारीत लावलेली रोपं दोन उन्हाळे काढून आता छातीला लागली आहेत. लावण्याआधी मला हवी होती ती माहिती कुठं एकत्र मिळाली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

हा वाण हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी निवडून वाढवलेला. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. डोंगरातल्या डेलिशस जातींना फुलण्यासाठी ७ अंशांखालची हजारेक तास थंडी लागते, याला तशी लागत नाही. ४० ते ४५ अंश तापमान सोसतो असं विकणारे सांगतात. मोठं झाड सोसत असेलही, पण कोवळ्या रोपाला पहिल्या मे महिन्यात सांभाळावंच लागतं.

खरा प्रश्न उन्हापेक्षा जमिनीचा आहे. मी उताराची मुरमाड जागा निवडली. त्याच लॉटमधली रोपं चुलतभावानं खालच्या काळ्या रानात लावली. सप्टेंबरच्या झडीत तिथं पाणी तुंबलं, रान चिबडलं, पानं पिवळी पडली आणि बुंध्याची साल बोटानं सोलून यावी इतकी कुजली. भारी जमीन असेल तर उंच वरंबा करून त्यावरच लावा, नाहीतर नादच नको.

खड्डा दोन फूट लांब-रुंद-खोल पुरतो. शेणखत मात्र पूर्ण कुजलेलं हवं, कच्च्यातून हुमणी येते आणि ती पांढरी मुळं खाऊन टाकते. कलमाचा सांधा मातीच्या चार बोटं वर ठेवा. माझ्या रोपांच्या सांध्यावरची प्लास्टिकची पट्टी रोपवाटिकेनं काढलेलीच नव्हती. खोड फुगलं तशी ती सालीत रुतत गेली. ब्लेडनं उभी चिरून सोडवली, तर खाली खोडाला करकोचा पडलेला. आणखी काही आठवडे गेले असते तर वाऱ्यानं शेंडा तिथूनच मोडला असता. सांध्याखालून खुंटाचे (ज्यावर कलम बांधतात त्या मुळाकडच्या झाडाचे) फुटवेही जोरात येतात. ते दिसले की लगेच काढायचे.

उन्हाळ्यात तीन गोष्टींनी झाडं वाचली. खोडाला बोर्डो पेस्ट लावली (एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी). दुपारच्या उन्हानं साल तडकते, ती पश्चिमेच्या अंगाला जास्त, म्हणून त्या बाजूला तुराट्यांचा तट्ट्या उभा केला. आळ्यात सोयाबीनच्या भुसकटाचा जाड थर दिला, पण बुंध्यापासून वीतभर लांब. ठिबकची तोटीही खोडाला चिकटून नको. भुसकट बाजूला करून माती मुठीत दाबायची, वाफसा (पुरेशी ओल) असेल तर पाणी द्यायचं नाही. तरीही मेमध्ये पानांच्या कडा करपतात. पाऊस पडला की नवी पालवी येते, घाबरू नका.

या फेब्रुवारीत थोडी फुलं आली, ती सगळी खुडली. आधी मुळं आणि सांगाडा, फळ नंतर. सोबत अ‍ॅना ही कमी थंडीत येणारी सफरचंदाची जात लावली असेल तर परागीकरणासाठी डॉरसेट गोल्डन ही तशीच दुसरी जात जवळ हवीच.

परसात किंवा बांधावर चार झाडं लावायला मी नक्की सांगेन. एकरभर बाग लावू का, असं कोणी विचारलं तर आज तरी माझं उत्तर नाही असंच आहे. आमच्याकडं केशर आंबा आणि सीताफळ याहून कमी लाडात वाढतात. रोपं घ्यायची तर थंडीत, पानं गळालेली घ्या आणि पैसे देण्याआधी सांध्यावरून बोट फिरवून बघा.