पांढरा-पिवळा ब्रशने: इनॅमल की ॲक्रेलिक?

स्केल मॉडेल ब्रशने रंगवताना जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ गेला की ॲक्रेलिक (पाण्यात मिसळणारा) पांढरा ब्रशवरच सुकतो. अर्धवट वाळलेल्या रंगावर पुन्हा हात फिरवला, तर खालचा थर उचलला जातो आणि पट्टे उरतात. इनॅमल (तेलकट रंग) सावकाश वाळतो, ब्रशच्या रेघा आपोआप सपाट होतात. पण वास डोक्यात जातो, ब्रश धुवायला टर्पेंटाइन लागतं, रंगाच्या दोन हातांमध्ये (थरांमध्ये) दिवसभर थांबावं लागतं. शिवाय काही वर्षांनी पांढरा पिवळसर पडतो, पिकत्या केळीसारखा.

तरी पिवळ्यासाठी मी ॲक्रेलिकच घेतो. पिवळा मुळातच खालचा रंग झाकत नाही, म्हणून खाली फिकट गुलाबी किंवा बदामी अस्तर, रंगात थोडं पाणी, थेंबभर रिटार्डर (रंग सावकाश सुकवणारं द्रव्य) आणि वर ३-४ पातळ हात. तेही पहाटे, कूलर बंद ठेवून. नाहीतर ओल्या रंगावर धूळ बसते. पांढरा मात्र इनॅमलच, आणि तो थंडीत.