रीगल की इरॉस?

दक्षिण मुंबईत जुन्या थिएटरात रात्रीचा शो बघायचा तर पहिला प्रश्न हाच.

कुलाब्याचं रीगल १९३३चं. व्हीटी स्टेशन बांधणाऱ्या स्टीव्हन्सच्या मुलाचं, चार्ल्सचं डिझाइन. तेव्हा एसी आणि तळघरात गाड्यांची पार्किंग म्हणजे चैनच! आजही एकच पडदा आणि वर बाल्कनी. बाल्कनीचंच तिकीट काढा. दिवे हळूहळू मंद होतात, खालून कुणीतरी शिट्टी मारतं आणि पुढच्या रांगेतले काका वळून बघतात. ती मजा मल्टिप्लेक्समध्ये नाही.

चर्चगेटसमोरचं इरॉस १९३८चं. बाहेरून तेच लाल-पिवळसर, कोपऱ्यावर जहाजासारखं उभं. आत मात्र २०२४पासून आयमॅक्स. पडदा, आवाज, खुर्च्या, सगळं झकास. पण आत शिरल्यावर आपण जुन्या इरॉसमध्ये आहोत हे विसरायलाच होतं. पॉपकॉर्नच्या भावाबद्दल न बोललेलंच बरं.

धडाकेबाज सिनेमा असेल तर इरॉस. शिवाय रस्ता ओलांडला की लोकल, बोरिवली-विरारकरांना हे फार मोठं सुख. आईबाबांना घेऊन, आधी कॉजवेवर रमतगमत जायचं असेल तर मी डोळे झाकून रीगल म्हणेन. फक्त परतीच्या टॅक्सीसाठी थोडी घासाघीस करायची तयारी ठेवा.