न्यू जर्सीतला छोटा स्कूल डिस्ट्रिक्ट: एका शालेय वर्षाचा अनुभव (बस वगळून बरा)

आधी बसचं सांगते, कारण बाकीचं सगळं मला बसमुळेच कळलं.

ऑगस्टच्या शेवटी डिस्ट्रिक्टचा, म्हणजे आमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचा, ईमेल आला. तुमचं घर शाळेपासून १.९ मैलांवर आहे, त्यामुळे तुमच्या मुलीला बस लागू होत नाही. हवी असेल तर वर्षाचे साडेचारशे डॉलर भरा, जागा उरली तर देऊ. आमच्याच रस्त्यावर थोडं पुढे राहणाऱ्या मुलाला तीच बस फुकट, कारण त्याचं घर २ मैलांच्या पलीकडे पडतं. ती बस रोज सकाळी आमच्या दारावरून जाते, आणि निम्मी रिकामी असते. साडेचारशे डॉलर भरायची माझी ऐपत नाही असं नाही. पण ज्या घराचा एवढा टॅक्स भरतो त्याच घरावरून जाणाऱ्या बसचे वेगळे पैसे? मी भरले नाहीत. वर्षभर गाडीने सोडलं आणि वर्षभर चिडचिड केली.

डिस्ट्रिक्टचं रेटिंग किती आणि त्यापायी घराची किंमत किती चढते, हे इथे घर शोधलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला पाठ असतं, ते सोडून देते. आमचा डिस्ट्रिक्ट अगदीच छोटा. दोन इमारती, बालवाडी ते आठवी, एका इयत्तेत चाळीसेक मुलं. हायस्कूल नाही, नववीपासून मुलं शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये जातात आणि त्यांची फी आमचा डिस्ट्रिक्ट त्यांना भरतो. राज्यात सहाशेच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत. मोठ्यांचं कौतुक सगळे करतात, म्हणून छोट्याचं लिहिते.

तर ते २ मैल. राज्याच्या कायद्यानुसार आठवीपर्यंतच्या मुलाचं घर २ मैलांपेक्षा लांब असेल, किंवा हायस्कूलच्या मुलाचं अडीच मैलांपेक्षा, तरच डिस्ट्रिक्टला बस द्यावी लागते. अंतर मोजायचं ते घराच्या दारापासून शाळेच्या दारापर्यंत, सार्वजनिक रस्त्याने किंवा पायवाटेने, सगळ्यांत जवळच्या वाटेने. आमच्या या ‘जवळच्या वाटे’वर एक मोठा पट्टा असा आहे की तिथे फूटपाथच नाही आणि गाड्या ताशी ४५ मैलांनी जातात. नऊ वर्षांच्या मुलीने तिथून चालत जावं अशी कोणाचीच अपेक्षा नाही, पण कायदा बघतो ते अंतर. धोक्याच्या रस्त्यांचं काय करायचं याचं धोरण प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या बोर्डाने (कारभार बघणाऱ्या मंडळाने) लिहून ठेवावं लागतं, इतकंच. त्या बसचा पैसा राज्य देत नाही.

याहून गंमत म्हणजे तीच मुलगी मी २ मैलांपलीकडच्या खासगी शाळेत घातली असती, तर डिस्ट्रिक्टला तिच्यासाठी बस द्यावी लागली असती, किंवा बस परवडत नसेल तर हजार डॉलरच्या वर रोख रक्कम मला द्यावी लागली असती. शाळा ना-नफा असावी, २० मैलांच्या आत असावी, अशा अटी आहेत, पण नियम तसाच आहे. सरकारी शाळेत घातली म्हणून मला शून्य.

ऑक्टोबरात रागारागाने बोर्डाच्या मीटिंगला गेले. जाण्यापूर्वी टॅक्सचं बिल काढून बसले होते, आकडे हाताशी असावेत म्हणून. न्यू जर्सीत घराच्या टॅक्सची सरासरी २०२४ मध्ये १० हजार डॉलरच्या पुढे गेली आणि त्यातला निम्म्याहून थोडा जास्त वाटा शाळांचा असतो. बिलावर तीन मोठ्या ओळी असतात: शाळा, गाव, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी). पैसे गाव गोळा करतं, दर तिमाहीला. शेजाऱ्याने टॅक्स बुडवला तरी शाळेची रक्कम गावाला पूर्ण द्यावीच लागते, म्हणजे वसुलीचं दुखणं गावाचं, शाळेचं नाही. हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी शाळेला टॅक्स देते असंच समजत होते.

गेल्या उन्हाळ्यात माझे बाबा आले होते. आयुष्य जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये गेलेलं. त्यांनी बिल बघून पहिला प्रश्न विचारला, “मग मास्तरांचा पगार तुम्ही देता होय?” बऱ्याच अंशी हो. शिक्षकांच्या पेन्शनचा सरकारी वाटा मात्र राज्य भरतं. बाबा म्हणाले, “मग मास्तर गावाला घाबरत असतील.” बघ बाई कसं ते, असा चेहरा करून चहा प्यायले.

मीटिंग शाळेच्या वाचनालयात. नऊ सदस्य, सगळे निवडून आलेले, तीन वर्षांची मुदत, पगार शून्य. एक दंतवैद्य, एक निवृत्त पोलीस, दोन आया, असे. १९७५ च्या खुल्या सभांच्या कायद्यामुळे शाळा बोर्डाला प्रत्येक मीटिंगमध्ये लोकांना बोलायला वेळ ठेवावाच लागतो. आमच्याकडे माणशी तीन मिनिटं. आम्ही अजून नागरिक नाही, त्यामुळे बोर्डाच्या निवडणुकीत मत नाही, उभंही राहता येत नाही. टॅक्स मात्र पूर्ण. पण बोलायला कोणी पासपोर्ट मागत नाही. नाव आणि गाव सांगायचं, की सुरू.

मी बसवर बोलले. तीन मिनिटं संपली तेव्हा मी फूटपाथपर्यंतच पोचले होते. उत्तर डिस्ट्रिक्टचे पैशांचे व्यवहार बघणाऱ्या बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर बाईंनी दिलं, आणि ते ऐकताना माझा सूर जरा खाली आला. बस-कंत्राट निविदेने द्यावं लागतं. कंत्राटदाराला रूटचे पैसे मिळतात, सीटचे नाहीत, त्यामुळे बस रिकामी गेली तरी किंमत तीच. मग मला बसवून घ्यायला काय हरकत, असं मी विचारणारच होते. त्यांनी आधीच सांगितलं: १.९ वाल्यांना घेतलं की १.७ वाले येतात, आणि मग दुसरी बस लागते. दुसऱ्या बसचा पैसा कुठून आणायचा? टॅक्सची एकूण रक्कम वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायला २०१० च्या कायद्याने मर्यादा घातली आहे. आरोग्य विमा वगैरेसाठी थोडी सूट असते, पण विमा दोन टक्क्यांनी वाढत नाही, त्याच्या कित्येक पट वाढतो.

राज्याकडून मिळणारी मदत हा वेगळाच विषय आहे आणि मी त्यात नको तितकी गुंतले. १९७३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शाळा फक्त स्थानिक टॅक्सवर चालवल्या तर गरीब गावांच्या मुलांवर अन्याय होतो. राज्यघटनेत १८७५ पासून ५ ते १८ वयाच्या सगळ्या मुलांना मोफत शिक्षणाचं वचन आहे, ते असं पाळता येणार नाही. विधिमंडळ पैशांची सोय करायला तयार होईना, तेव्हा जुलै १९७६ मध्ये न्यायालयाने शाळांच्या खर्चावरच बंदी आणली. काही दिवस राज्यातल्या शाळा बंद पडल्या आणि मग राज्याचा इन्कम टॅक्स जन्माला आला. आपल्या पगारातून कापला जातो तोच. आजचं सूत्र २००८ च्या कायद्याचं: गावाची मालमत्ता आणि उत्पन्न बघून तुमचा वाटा ठरतो, गरीब मुलांसाठी आणि इंग्रजी न येणाऱ्यांसाठी जास्तीचे पैसे धरले जातात. २०१८ मध्ये आणखी एक कायदा झाला आणि ज्या डिस्ट्रिक्टमध्ये मुलं कमी झाली तरी जुनी मदत चालू होती, त्यांची मदत सात वर्षांत हळूहळू कापली. आम्ही त्यांतले. जी बस आमच्या भागात आधी मेहेरबानीखातर यायची, ती त्या कापाकापीत गेली.

हे कळल्यावर राग गेला का? नाही. फक्त पत्ता बदलला.

मग शिक्षण कसं आहे, असं कोणी विचारेल. चांगलं आहे. अगदी मनापासून सांगते, या बाबतीत मला सुखद धक्का बसला. लेक भारतातून आली तेव्हा वाचनात मागे होती. कोणीही न मागता, फी न घेता, वाचनाच्या खास शिक्षिका तिला आठवड्यातून अनेकदा वेगळं घेऊन बसल्या. वसंत ऋतूपर्यंत ती वर्गाच्या बरोबरीला आली. चाळीस मुलांच्या इयत्तेत कोण मागे आहे ते लपत नाही. मुख्याध्यापिका सकाळी दारात उभ्या राहून प्रत्येकाला नावाने हाक मारतात, माझ्या लेकीचं नावही न अडखळता. पुण्यात ज्या शाळेत होती तिथे तिचा रोल नंबर सगळ्यांना माहीत होता.

परीक्षांचे निकाल मात्र कपाळावर आठी न आणता वाचा. राज्याची परीक्षा तिसरीपासून असते आणि टक्केवारी दरवर्षी जाहीर होते. पण चाळीस मुलांत एक मूल म्हणजे अडीच टक्के. तीन मुलांना त्या दिवशी ताप आला की डिस्ट्रिक्ट ‘घसरला’ आणि घरांचे दलाल सांगत फिरले. लहान गटांचे आकडे तर मुलांची ओळख पटू नये म्हणून झाकलेलेच असतात. रेटिंग बघून दहा हजार जास्त मोजणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

मार्चमध्ये कच्चं बजेट आलं. डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर त्याची सोपी आवृत्ती टाकावीच लागते, सुपरिंटेंडंटच्या (डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्याच्या) करारासकट, आणि मी ती ओळन्‌ओळ वाचली. मला वाटलं होतं पैसा वरच्या साहेबांच्या पगारात जात असेल. थोडा जातो, आणि एवढ्याशा डिस्ट्रिक्टला स्वतंत्र सुपरिंटेंडंट कशाला हा प्रश्न रास्तच आहे. छोटे डिस्ट्रिक्ट एकत्र करा असं २००७ पासून राज्य म्हणतंय, २०२२ मध्ये त्यासाठी अभ्यासाला पैसेही देऊ केले. होत मात्र फारसं नाही, कारण विलीन झालं की कोणत्या तरी गावाचा टॅक्स वाढतो आणि ते गाव नाही म्हणतं. पण खरा खर्च शिक्षक आणि त्यांचा विमा, मग हायस्कूलची फी, मग विशेष गरजा असलेल्या मुलांच्या बाहेरच्या शाळा. त्यातलं एक मूल गावात नव्याने राहायला आलं की छोट्या बजेटचं गणित फिरतं. सुनावणीला एका गृहस्थांनी यावर कुरकुर केली तेव्हा मी बसची तक्रार बाजूला ठेवून त्यांच्याशी भांडले. त्या मुलाचा हक्क कायद्याचा आहे. माझ्या बसचा नाही, दुर्दैवाने.

पूर्वी एप्रिलमध्ये लोक या बजेटवर थेट मत द्यायचे. २०१० मध्ये राज्यभर निम्म्याहून जास्त बजेटं लोकांनी पाडली होती. २०१२ पासून बहुतेक डिस्ट्रिक्टनी निवडणूक नोव्हेंबरला नेली आणि तिथे वाढ दोन टक्क्यांच्या आत असेल तर बजेटवर मतदानच नाही. आमच्याकडे हेच चालतं. बजेट मे महिन्यात मंजूर झालं, एकमताने, आठ मिनिटांत.

फूटपाथचं काय झालं तेही सांगते. बोर्ड म्हणालं रस्ता काउंटीचा. काउंटी म्हणाली फूटपाथ गावाने करावा. गाव म्हणालं शाळेने बस द्यावी. शेवटी गावाच्या पोलिसांनी त्या चौकात सकाळी-दुपारी एक क्रॉसिंग गार्ड उभा केला. त्याचा पगार माझ्याच बिलाच्या दुसऱ्या ओळीतून जातो. ते गार्ड आजोबा फार गोड आहेत, पण फूटपाथ अजून नाही आणि गार्ड चौकात उभा राहतो, त्या पट्ट्यावर नाही.

पाचपैकी गुण द्यायचे तर शिकवण्याला साडेचार, बोर्डाला चार (उत्तर देतात, आणि पुढच्या मीटिंगला तुम्ही काय बोललात ते त्यांच्या लक्षात असतं), पैशाच्या मोबदल्याला तीन, बसला शून्य. घर बघत असाल तर ऑफर देण्याआधी डिस्ट्रिक्टच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसला तो पत्ता ईमेल करा आणि बस मिळते की नाही ते लेखी घ्या. दलालाचं ऐकू नका. फोनवरचा नकाशा २.१ दाखवत होता.