फुकट ओपन प्रॉक्सीच्या याद्या : पाचपैकी एक तारा

ओपन प्रॉक्सी म्हणजे कुणालाही वापरता येणारा मधला सर्व्हर; साइटला तुमच्याऐवजी त्याचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) दिसतो. अशा सर्व्हरचे आयपी आणि पोर्ट (सर्व्हरवरच्या दाराचा क्रमांक) देणाऱ्या या याद्या ढिगाने मिळतात. पोर्ट बहुधा ८०८०, ३१२८ (स्क्विड या प्रॉक्सी सॉफ्टवेअरचा ठरलेला) किंवा सॉक्स या वेगळ्या प्रकारच्या प्रॉक्सीसाठी १०८०. फायरफॉक्सच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये मॅन्युअल प्रॉक्सी निवडून आकडे भरले की जोडणी होते. टिकत मात्र नाही. यातले कितीतरी सर्व्हर चुकून उघडे राहिलेले असतात. मालकाच्या लक्षात आलं की दार बंद.

‘एलिट’ (म्हणजे तुमचा आयपी पूर्ण लपवणारी) या बिल्ल्यावर विसंबू नका. आधी आपला खरा आयपी टिपून ठेवा, मग प्रॉक्सीतून हेडर (विनंतीसोबत जाणारी माहिती) दाखवणारं साधं, म्हणजे कूटबद्ध नसलेलं, एचटीटीपी पान उघडा. एचटीटीपीएसचं नको, कारण तिथे प्रॉक्सीला हेडर घुसवता येत नाही आणि चाचणी उगाच पास होते. ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’पुढे तुमचाच आयपी दिसला, तर लपवाछपवी संपली. सॉक्स ५ घेतलात तर डीएनएसची (साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधण्याची) विचारणाही प्रॉक्सीतून पाठवायची खूण करा; नाहीतर कुठल्या साइटवर जाताय ते तुमच्या इंटरनेट कंपनीला कळतंच.

एचटीटीपी पान प्रॉक्सीवाला वाचतो, हवं तर बदलतो. एचटीटीपीएसमध्ये त्याला सहसा साइटचं नावच दिसतं. पण सर्टिफिकेटचा (साइट खरी असल्याच्या दाखल्याचा) इशारा आला, तर मध्ये कुणी वाचत असू शकतं; तिथेच थांबा. बँक, मेल तर नकोच. विकिपीडिया ओपन प्रॉक्सी दिसल्या की संपादनासाठी ब्लॉक करतो, आणि ते रास्तच.

ओळख लपवायची असेल तर टॉर ब्राउझर घ्या. हळू चालतो, पण तिथे जोडणी अनेक सर्व्हरमधून जाते, त्यामुळे तुम्ही कोण आणि कुठे जाताय हे दोन्ही एकाच सर्व्हरला कळत नाही. एक तारा दिलाय तो परदेशातून आपली वेबसाइट कशी दिसते हे पाहण्यापुरता.