वॉरंटी आठ वर्षांची, वर्कशॉप घाटापलीकडे

कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण कोकणात, मराठवाड्यात, गडचिरोलीकडे ज्यांच्याकडे इलेक्ट्रिक गाड्या आहेत त्यांच्याशी बोललो तर कंपनी कुठलीही असो, कहाणी थोड्याफार फरकाने हीच. आम्ही वेंगुर्ल्याचे. बॅटरीला वॉरंटी 8 वर्षं किंवा 1,60,000 किमी, बाकी गाडीला 3 वर्षं. घेताना सेल्सवाल्याने सांगितलं की सर्व्हिसचं टेन्शन घेऊ नका सर, तालुक्याला आपलं सेंटर आहे. आहे ना, सेंटर आहेच, बोर्ड लावलाय, एसी वेटिंग रूम आहे, चहापण चांगला देतात.

झालं काय, जून लागला, पाऊस सुरू झाला, लाइट येतेय जातेय, आणि एक दिवस घरच्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर गाडी चार्जच होईना. प्लग लावला की टक्क आवाज येतो, दोन सेकंद हिरवं, मग लाल. महामार्गावरच्या डीसी म्हणजे फास्ट चार्जरवर नेली तर तिथे मस्त चार्ज झाली. म्हणजे बिघाड कुठे आहे ते निम्मं तिथेच कळलं. घरचा करंट एसी, त्याचं डीसी करायला गाडीच्या आत ऑनबोर्ड चार्जर असतो, आणि फास्ट चार्जर त्याला बगल देऊन थेट बॅटरीला जातो. घरी नाही, बाहेर होतंय म्हणजे एकतर घरची अर्थिंग नाहीतर हा ऑनबोर्ड चार्जर.

कॉल सेंटरला पहिल्या फोनपासून शेवटच्यापर्यंत एकच शब्द पाठ, अर्थिंग. आता आमच्याकडे जांभ्याचा सडा, म्हणजे नुसता कातळाचा माळ, उन्हाळ्यात तो कोरडा ठाक असतो तेव्हा अर्थिंग नीट लागत नाही हे इथला कुठलाही वायरमन सांगेल, त्यामुळे त्यांची शंका अगदीच फालतू नव्हती. पण गाडी घेतली तेव्हाच नवीन खड्डा मारून, कोळसा-मीठ भरून अर्थिंग करून घेतलेली. वायरमनला बोलावलं, न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये मीटर लावला, दोन व्होल्टच्या आत, म्हणजे अर्थिंग ठीक. मीटरचा फोटो पाठवला. तरी पुढच्या फोनला नवीन माणूस, आणि परत "सर आप अर्थिंग चेक करवा लीजिए".

मग तालुक्याच्या सेंटरला गेलो. तिथला सुपरवायझर माणूस बरा, त्याने सरळच सांगून टाकलं, दादा इथे ईव्हीचं फक्त वॉशिंग, व्हील अलाइनमेंट, वायपर, ब्रेक असलंच होतं, नारिंगी केबलला, म्हणजे हाय व्होल्टेजच्या वायरिंगला, हात लावायचं ट्रेनिंग झालेला माणूस आमच्याकडे नाही, आणि लॅपटॉपवर ईव्हीचं लॉगिनही नाही. एरर कोड वाचायलासुद्धा कोल्हापूर. बाहेर एक ओळखीचे काका भेटले, त्यांचं लगेच, "डिझेलची घेतलं असतंस तर हयच झाली असती मां रे". काय बोलणार.

आता खरी गंमत ऐका. वॉरंटीसोबत रोडसाइड असिस्टन्स फुकट असतो, म्हटलं टोइंगने न्या कोल्हापूरला. तर नियम असा की गाडी "सर्वात जवळच्या अधिकृत वर्कशॉप"पर्यंत नेणार. जवळचं कुठलं? तालुक्याचं! जिथे वॉशिंग होतं ते. म्हणजे फ्लॅटबेड (गाडी पूर्ण पाठीवर घेऊन जाणारा ट्रक) येणार, गाडी उचलणार, आणि जिथे तिला कोणी हात लावू शकत नाही तिथे सोडून जाणार, आणि त्यांच्या सिस्टममध्ये केस क्लोज. तिथून पुढे कोल्हापूरचं भाडं आपण भरायचं. हा मुद्दा मी तीन वेगवेगळ्या लोकांना समजावला, तिघांनाही पटला, तिघांनीही सांगितलं की सिस्टममध्ये तसा ऑप्शन नाही. आणि ईव्हीला दोरी बांधून ओढत न्यायची सोय नाही हेही लक्षात घ्या, चाकं फिरली की मोटर वीज तयार करायला लागते आणि आतलं काहीतरी जळू शकतं, त्यामुळे फ्लॅटबेडच लागतो आणि घाटातून फ्लॅटबेडचं भाडं विचारून बघा एकदा.

माझी गाडी निदान चालत तरी होती, म्हणून डीसीवर फुल्ल केली आणि स्वतःच निघालो, सावंतवाडी, आंबोली, आजरा करत. दीडेकशे किमी. घाटात धुकं, धबधब्याला गर्दी, कणीस खात रस्त्याच्या मधोमध उभी राहिलेली जनता. समुद्रसपाटीवरून आंबोली साधारण 690 मीटर, नुसती गाडी वर उचलायलाच तीनेक युनिट जातात, त्यामुळे रेंजचा (अजून किती किमी जाईल त्याचा) आकडा घाटात असा भराभर खाली येतो की नवीन माणूस घाबरेल. वर पोचल्यावर जरा सावरतो. पण विचार करा, हेच मोटर किंवा मेन बॅटरीचं काही असतं तर?

कोल्हापूरचं वर्कशॉप मात्र, मानलं. अॅडव्हायझरने कंप्लेंट जशी सांगितली तशी जॉब कार्डवर लिहिली, "एसी चार्जिंग होत नाही, डीसी होतं". (हे लिहून घ्याच. नुसतं "चार्जिंग प्रॉब्लेम" लिहिलं की डीसीवर लावून "चेक्ड, ओके" करून गाडी परत देतात.) टेक्निशियन पंचविशीतला पोरगा असेल. रबरी हातमोजे घालायच्या आधी त्याने ते मनगटाकडून गुंडाळत नेले, बोटात हवा फुगवली आणि कानाशी धरून दाबले, कुठे बारीक भोक असेल तर हवा सुटते म्हणाला, आणि तेवढं भोक पुरतं. मग बॅटरीची हाय व्होल्टेज लाइन तोडणारा सर्व्हिस प्लग काढला, तो स्वतःच्या खिशात टाकला, म्हणजे तो काम करत असताना दुसरा कोणी बसवायला नको. दहा मिनिटं नुसता थांबला, कपॅसिटरमधला करंट उतरायला. मग मीटर लावून शून्य बघितलं आणि तेव्हा कुठे पाना हातात घेतला. ऑनबोर्ड चार्जर गेलेलाच होता. अर्थिंगचं नाव कोणी काढलं नाही.

पार्ट स्टॉकला नाही, कंपनीच्या गोदामातून येणार. गाडी तिथेच सोडून एसटीने घरी. बदली गाडी? वॉरंटीत नाही. मग फोन, "सर डिस्पॅच होईल", परत फोन, परत तेच. शेवटी मेल केला, जॉब कार्ड, मीटरचा फोटो, सगळं जोडून, आणि खाली लिहिलं की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार टाकतोय आणि पुढे ओरोसला, आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या कायद्याने ग्राहक स्वतः राहतो तिथे केस करू शकतो, कंपनीच्या शहरात जावं लागत नाही, आणि 50 लाखांपर्यंतच्या खरेदीची केस जिल्ह्यालाच चालते. मेलचा परिणाम की योगायोग माहीत नाही, पण पार्ट त्याच आठवड्यात आला.

बिल शून्य रुपये. पार्ट, लेबर काही नाही. माझा एसटीचा, जेवणाखाण्याचा, सुट्ट्यांचा हिशोब अर्थात कुणीच धरत नाही, बुकलेटमध्ये बारीक अक्षरात ते आधीच झटकून टाकलेलं असतं.

स्टार द्यायचे तर कोल्हापूरच्या वर्कशॉपला पाच, कॉल सेंटरला एक, तालुक्याच्या सेंटरला वॉशिंगचे चार. गाडीवर राग नाही, रोजच्या वापराला अजूनही हिच्याइतकी स्वस्त दुसरी नाही. पण आडगावात राहून घेत असाल तर शोरूममध्ये "सर्व्हिस सेंटर कुठे" असं विचारू नका, "हाय व्होल्टेजचं काम कुठे होतं आणि तिथपर्यंत टोइंगचे पैसे कोण देणार" असं विचारा, आणि उत्तर मेलवर मागा. आमच्या सेल्सवाल्याला मी आता विचारलं तर म्हणाला, लवकरच तालुक्यालाही ट्रेनिंग होणार आहे सर. मेलवर दे म्हटलं, अजून आलेला नाही.