एक कापूस हंगाम, एक उन्हाळा आणि ट्विस्ट रडरची जॉयस्टिक

ज्या जॉयस्टिकच्या खोक्यावर ‘हॉल सेन्सर’ (चुंबकाने, न घासता स्थिती ओळखणारा) ही अक्षरे सर्वांत ठळक छापलेली आहेत, तिच्या रडरच्या, म्हणजे विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीच्या झडपेच्या, अक्षाला मात्र साधा कार्बनचा पोटेन्शिओमीटर बसवलेला आहे, ही गोष्ट मला वॉरंटीचे भांडण संपल्यावर, स्वतः स्क्रू काढल्यानंतर कळली. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पाच हजारांच्या आतबाहेरच्या इतरही काही जॉयस्टिकांत हीच रचना असते आणि प्रश्न एका कंपनीपुरता नाही. बटणे किती, थ्रॉटलची पट्टी कुठे, वजन किती, हे वाचकांना ठाऊक आहे. मला बोलायचे आहे ते रडरबद्दल.

आमचे गाव दारव्हा तालुक्यात आहे. माझे कृषी सेवा केंद्र रस्त्यावर, घर त्याच्या मागे, आणि घरापासून हाकेच्या अंतरावर कापसातून सरकी वेगळी करणारे जिनिंग. दुकान बंद केल्यावर तासभर संगणकावर विमान उडवणे हा माझा छंद आहे आणि त्यासाठी मी फ्लाइटगिअर हे सिम्युलेटर वापरतो. 2020 साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरची दृश्ये निःसंशय देखणी आहेत, परंतु त्यातील जमिनीचे चित्र इंटरनेटवरून सतत येत राहते आणि दिवसाला दोन जीबी मिळणाऱ्या मोबाईल रिचार्जवर तो थाट परवडत नाही. फ्लाइटगिअर फुकट आहे, जुन्या ग्राफिक्स कार्डावर चालते, आणि ज्या भागात उडायचे त्या भागापुरतीच जमीन उतरवून घेते. विदर्भ एकदा उतरवून ठेवला की जमिनीसाठी पुन्हा इंटरनेटचे तोंड पाहावे लागत नाही.

दसऱ्याच्या सुमारास जॉयस्टिक घेतली तेव्हा मी तिच्यावर अतिशय खूश होतो. त्याआधी कीबोर्डवर उडवताना सिम्युलेटरमधील स्वयंसमन्वयाची सोय चालू ठेवावी लागे, म्हणजे पंख कलवले की रडर आपोआप हलत असे. आता दांडा मनगटाने पिळला की रडर मिळू लागला, आणि सेसना 172 च्या वैमानिकाला, ज्याचा रडर पायाच्या पेडलने चालतो, उजवा पाय सतत का लागतो, ते हाताला समजले. त्या विमानाचा पंखा वैमानिकाच्या बाजूने पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरतो. पूर्ण ताकद दिली की त्याने ढकललेली हवा धडाभोवती पीळ घेत उभ्या शेपटीच्या डाव्या बाजूवर आदळते. शिवाय नाक वर असताना पंख्याचे खाली येणारे उजवे पाते अधिक ओढते. दोन्हींचा परिणाम एकच: नाक डावीकडे जाते. म्हणून धावपट्टीवर सुटल्यापासून 55 नॉटला (ताशी सुमारे 100 किलोमीटर) नाक उचलेपर्यंत, आणि पुढे चढाई संपेपर्यंत, थोडा उजवा रडर धरून ठेवावा लागतो. तो नेमका किती, हे वेगानुसार बदलते, आणि त्या बदलण्यातच सगळी मजा आहे.

जानेवारीत विमान बिघडले. नागपूरच्या धावपट्टी 32 वर (32 म्हणजे 320 अंश, वायव्य दिशा) मधल्या रेषेवरून सरळ धावणारे विमान अचानक उजव्या गवताकडे वळायचे, मी दांडा सोडला की डावीकडे झेपावायचे. टॅक्सी करतानाही तेच, कारण सेसनाचे पुढचे चाक रडरच्या पेडलनेच वळते. विंडोजमधील गेम कंट्रोलरच्या चाचणीची खिडकी उघडून दांडा अगदी सावकाश पिळला, तेव्हा रोग दिसला. पडद्यावरची पट्टी मध्यापासून थोडी उजवीकडे गेली की थरथरायची आणि एका ठिकाणी टोकापर्यंत उडी मारून परत यायची. डावीकडे पिळला तर पट्टी गुळगुळीत सरकायची. उडण्याचे दोन्ही अक्ष (दांडा पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे झुकवण्याचे), ज्यांना खरोखर हॉल सेन्सर आहेत, ते पहिल्या दिवसासारखेच स्थिर होते.

वॉरंटी चालू होती. तालुक्याहून कुरिअरने नग नागपूरच्या सेवा केंद्रात पाठवला, त्याआधी मूळ खोके, बिलाची प्रत, दोषाचा व्हिडिओ असे सगळे सोपस्कार केले. नग परत आला तो ‘बाह्य धुळीमुळे बिघाड, वॉरंटी लागू नाही’ अशा शेऱ्यासह, आणि जाण्यायेण्याचा खर्च माझ्या माथी. मी फोनवर विचारले की टेबलावर ठेवायच्या वस्तूच्या आत धूळ गेली, तर दोष वस्तूचा की टेबलाचा? समोरचा मुलगा सौजन्याने म्हणाला, “सर, आपण ती कुठे वापरता यावर ते अवलंबून आहे.” म्हणजे जिनिंगशेजारी राहणाऱ्याने विमान उडवू नये, असा त्याचा अर्थ झाला. दोन ईमेल पाठवले. दोन्हींना तेच छापील उत्तर.

शेवटी बसस्टँडजवळ फवारणी पंपांचे चार्जर दुरुस्त करणाऱ्या मुलाकडे गेलो. त्याने तळाचे स्क्रू काढले, दांड्याच्या मुळाशी असलेली स्प्रिंग बाजूला केली, आणि आत करड्या रंगाची बारीक रुई एखाद्या घरट्यासारखी गोळा झालेली दिसली. रडरचा भाग बोटाने फिरवून पाहत तो म्हणाला, “भाऊ, हा त रेडिओचा व्हॉल्यूम कंट्रोल हाय. कचरा बसला का खरखर करते, तसंच हाय हे.” आणि ते शब्दशः खरे होते. कार्बनच्या पट्टीवर धातूची एक जीभ सरकते आणि ती कुठे आहे त्यावरून व्होल्टेज ठरते. जिभेखाली धूळ आली किंवा कार्बन झिजला की आकडा उडतो. हॉल सेन्सरमध्ये चुंबक फिरते आणि सेन्सर ते स्पर्श न करता ओळखतो, त्यामुळे तिथे घासायला काही नसते. दांडा पिळण्याचा टप्पा थोडका असल्याने जीभ त्या पट्टीच्या छोट्याशा तुकड्यावरच मागेपुढे होते, आणि सेसनाला चढताना उजवाच रडर लागत असल्याने त्या तुकड्याचाही उजवा भाग आधी झिजतो. डावी बाजू ठणठणीत का होती, त्याचे उत्तर हेच होते.

सफाई आयसोप्रोपिल अल्कोहोलने केली. गंज काढायचा तेलकट स्प्रे मात्र कुणी मारू नये. त्याचा थर राहतो आणि पुढची धूळ त्यालाच चिकटते. थरथर कमी झाली, नाहीशी झाली नाही. उरलेल्यासाठी फ्लाइटगिअरच्या जॉयस्टिकच्या फाईलमध्ये रडरच्या अक्षाचा मृत पट्टा, म्हणजे मध्याजवळची हालचाल दुर्लक्षित राहते तो भाग, थोडा वाढवला. या उपायाची फार शिफारस केली जाते, पण तो फक्त मध्याच्या थरथरीवर चालतो. मध्यापासून दूर उडणाऱ्या आकड्यावर त्याचा काडीइतका उपयोग नाही, उलट पट्टा जास्त ठेवला तर उतरताना बारीक सुधारणा करता येत नाही.

आणि मग मे महिना आला. मी सिम्युलेटरमध्ये खरे हवामान चालू ठेवतो, म्हणजे नागपूर विमानतळाचा ताजा हवामान अहवाल आत येतो. बाहेर 45 अंश असताना आतही 45 अंश. नागपूरची उंची समुद्रसपाटीपासून 1,033 फूट. त्या उंचीला प्रमाण तापमान सुमारे 13 अंश धरतात. तापलेली हवा विरळ, जणू अधिक उंचावरची. फरक 32 अंशांचा, आणि प्रत्येक अंशाला ढोबळमानाने 120 फूट या हिशोबाने 3,840 फूट वाढतात. म्हणजे विमानाच्या दृष्टीने नागपूर जवळपास 4,900 फुटांवर जाऊन बसते, आणि हवेचा दाब कमी असेल तर त्याहूनही वर. 160 अश्वशक्तीचे सेसना अशा हवेत अक्षरशः धापा टाकते. नागपूरची धावपट्टी 3,200 मीटरची असल्याने तिथे निभावते. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याची धावपट्टी 1,850 मीटरची आहे. तीही सेसनाला पुरून उरते, पण उठल्यावर उंचीचा काटा कूर्मगतीने चढतो. तिथून नागपूर सरळ रेषेत सुमारे 140 किलोमीटर, वर्धा नदी ओलांडून, आर्वीला डाव्या हाताला ठेवून पाऊण तासाचा प्रवास. या प्रवासात ठरलेल्या उंचीवर पोहोचायला हिवाळ्यापेक्षा बराच अधिक वेळ लागतो, आणि तितका वेळ उजवा रडर नेमका त्या झिजलेल्या जागी धरून ठेवावा लागतो. थंडीत जो दोष क्षणभराचा होता, तो उन्हाळ्यात संपूर्ण चढाईभर छळू लागला.

जूनमध्ये रडरला नवा कंट्रोल बसवला. तोच मुलगा, तीच जागा, खर्च कुरिअरच्या एका फेरीपेक्षा कमी. पट्टी गुळगुळीत झाली आणि मला वाटले, आता या वस्तूबद्दल काही वाईट लिहायला उरले नाही.

परंतु पावसाळ्याने माझे मत पुन्हा बदलले. वारा नैर्ऋत्येकडून सुटला की तो नागपूरच्या 14-32 या धावपट्टीला जवळपास काटकोनात येतो. 32 वर उतरताना वाऱ्याकडचा, म्हणजे डावा, पंख खाली झुकवावा लागतो आणि त्याच वेळी उजव्या रडरने नाक धावपट्टीच्या रेषेत आणावे लागते. पेडलवर हे दोन वेगळ्या अवयवांचे काम आहे. ट्विस्ट जॉयस्टिकवर एकच मनगट डावीकडे कलवायचे आणि तेच उजवीकडे पिळायचे, आणि ते करताना दांडा नकळत मागे ओढला जातो, नाक वर उठते, वेग पडतो. हा दोष धुळीचा नाही, कोणत्याही सेन्सरने तो जाणार नाही. माझ्या भाच्याला गोंदियाजवळ बिरसीच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेत जाण्याची स्वप्ने पडतात; तो सुट्टीत आला की याच दांड्यावर सराव करतो. घरच्या संगणकावरचे तास परवान्यासाठी धरत नाहीत, हे त्याला माहीत आहे, पण पायाचे काम मनगटाला शिकवून तो जाणार, याची मला काळजी वाटते. पेडलची किंमत पाच आकड्यांत आहे आणि माझ्या आख्ख्या संगणकाला तेवढे पैसे लागले नव्हते, तेव्हा सध्या तो विषय बंद आहे.

तरीही, धुळीच्या गावात राहणाऱ्या आणि हात राखून खर्च करणाऱ्या माणसाने ही जॉयस्टिक घेऊ नये, असे मी म्हणणार नाही. उडण्याचे दोन अक्ष आजही निर्दोष आहेत आणि कीबोर्डकडे परत जाणे आता अशक्य आहे. घेण्यापूर्वी एवढेच विचारावे की ट्विस्टच्या अक्षाला कोणता सेन्सर आहे. खोक्यावरच्या ठळक अक्षरांवर विसंबू नये. वापर झाल्यावर मी तिच्यावर बियाण्याची रिकामी कापडी पिशवी घालतो, आणि उन्हाळ्यात ती कूलरच्या झोतात ठेवत नाही, कारण त्या ओल्या वाऱ्यात रुई अधिकच चिकटते.

गेल्या आठवड्यात कंपनीकडून एक ईमेल आला. जुन्या ग्राहकाला त्याच मॉडेलच्या नव्या नगावर दहा टक्के सवलत देऊ केली आहे. ट्विस्टला हॉल सेन्सर असलेल्या वरच्या मॉडेलवर ती लागू होईल का, असे मी उलट विचारले. उत्तर अजून आलेले नाही.